दातदुखीचे व्याकरण

दात भरून घेतला म्हणजे त्या दाताचा विषय संपला, अशी आपल्यापैकी बहुतेकांची समजूत असते. भिंतीला भोक पडले, गवंड्याने सिमेंट लिंपले, भिंत पूर्ववत झाली. दाताचेही तसेच असणार, असे आपण धरून चालतो. म्हणूनच भरलेल्या दाढेला दुसऱ्या दिवशी माठातले पाणी लागून सणक उठली की आपण गांगरून जातो. पुष्कळदा भरण्यापूर्वी ती दाढ मुळीच दुखत नसते. कीड डॉक्टरांच्याच नजरेस पडलेली असते. अशा वेळी तर ‘न दुखणारी दाढ दुखती करून घेतली’ असे वाटल्यावाचून राहात नाही.

देवासच्या एका वाचकभगिनींनी याच विषयावर आम्हांस पत्र लिहिले आहे. उजवीकडची खालची दाढ भरून त्यांना तीन आठवडे झाले. गार पाणी प्याले की ती दुखते. डॉक्टर म्हणाले, “काही दिवस दुखेल.” सासूबाई म्हणतात, “काढून टाक, कटकट मिटेल.” शेजारीण म्हणते, “आता रूट कॅनालच करावे लागणार.” या तिघांपैकी कोणाचे ऐकावे, असा त्यांचा प्रश्न आहे.

आम्ही वैद्य नव्हे, भाषेचे मास्तर आहोत. तरीही आम्ही या विषयावरचे थोडे वाचन केले, परिचयातल्या दंतवैद्यांना विचारले, आणि एक गोष्ट ध्यानात आली. भगिनींचे पत्र चांगले दोन पानांचे आहे, पण दुखण्याविषयी त्यात शब्द एकच आहे: ‘दुखते’. कसे दुखते, किती वेळ दुखते, आपोआप दुखते की काही लागल्यावर, याचा उल्लेख नाही. त्यांच्या प्रश्नाचे उत्तर मात्र नेमके त्या न लिहिलेल्या शब्दांत आहे.

हे म्हणणे स्पष्ट होण्यासाठी दात ही वस्तू मुळात काय आहे, ते पाहिले पाहिजे. आपण दाताला हाडासारखा, किंबहुना दगडासारखा समजतो. त्याचे वरचे पांढरे कवच, ज्यास एनॅमल म्हणतात, ते खरोखरच शरीरातील सर्वांत कठीण द्रव्य आहे. वजनाने पाहिले तर त्याचा सुमारे ९६ टक्के भाग खनिजाचा असतो. त्यात मज्जातंतू नाहीत, म्हणून त्याला संवेदनाही नाही. पण हे कवच फार जाड नसते. दाढेच्या उंचवट्यांवर ते दोन-अडीच मिलिमीटर भरते आणि हिरडीकडे येता येता अगदी पातळ होते. त्याच्या आत डेंटिन नावाचा पिवळसर थर असतो, आणि डेंटिनच्याही आत, दाताच्या गाभ्यात, पल्प असतो. पल्प म्हणजे रक्तवाहिन्या, मज्जातंतू आणि जिवंत पेशी यांचा मऊ पुंजका. दाताचा जीव म्हणायचा तो हाच.

डेंटिन वरून भरीव दिसते, पण तसे ते नाही. पल्पापासून बाहेरच्या कवचापर्यंत जाणाऱ्या असंख्य सूक्ष्म नळ्यांनी ते व्यापलेले असते. पल्पाजवळच्या एका चौरस मिलिमीटर जागेत अशा चाळीस हजारांहूनही अधिक नळ्या आढळतात. प्रत्येक नळीत द्रव असतो आणि तिच्या आतल्या तोंडाशी मज्जातंतूंची टोके असतात. गार पाणी, गोड पदार्थ किंवा नुसती हवेची झुळूक उघड्या डेंटिनला लागली की नळ्यांतला द्रव जागचा हलतो आणि त्या हालचालीने मज्जातंतू चाळवतात. नळ्यांतल्या द्रवाची ही कल्पना विसाव्या शतकाच्या आरंभीच सुचविली गेली होती. परंतु तिला प्रयोगांचा भक्कम आधार दिला तो स्वीडनमधील संशोधक मार्टिन ब्रॅनस्ट्रॉम यांनी, १९६०च्या दशकात. दात का शिवशिवतो, याचे आजही सर्वमान्य असलेले स्पष्टीकरण हेच आहे.

आता यातली आम्हां भाषेच्या माणसांना विशेष वाटणारी गोष्ट अशी की, पल्पात वेदना वाहून नेणारे मज्जातंतू प्रामुख्याने दोन जातींचे असतात. एक जात, जिला शास्त्रात ए-डेल्टा म्हणतात, ती चपळ आहे. नळ्यांतला द्रव हलला की प्रथम तीच जागी होते आणि तिची वेदना तीक्ष्ण, टोचरी, क्षणात येणारी आणि क्षणात जाणारी असते. दुसरी जात सी या नावाची. ती मंद आहे, खोल आहे. साध्या गार पाण्याने ती सहसा जागी होत नाही. पल्पालाच सूज आली, त्याच्या अस्तित्वावर बेतले, की ती बोलू लागते. आणि तिची वेदना संथ, जड, ठोके देणारी आणि लवकर न थांबणारी असते.

शास्त्रज्ञांनी हे दोन तंतू सूक्ष्मदर्शकातून आणि उपकरणांनी वेगळे केले. पण आपल्या आज्यांच्या बोलण्यात ते दोन्ही केव्हाच वेगळे होते. पहिलीला त्या ‘सणक’ म्हणत आणि दुसरीला ‘ठणका’. “गार पाण्याने सणक गेली” आणि “रात्रभर दाढ ठणकत होती” ही दोन वाक्ये एकमेकींच्या जागी कोणी वापरली नसती. याखेरीज चिंच किंवा कैरी खाल्ल्यावर दात ‘आंबतात’, बर्फाने ‘शिवशिवतात’, मधूनच ‘कळ’ येते, आणि पू धरला म्हणजे ‘ठसठसते’. ही शब्दांची नुसती हौस नव्हती. दातात निरनिराळ्या जागी निरनिराळे काही घडत असते, त्याची ती नावे होती.

आता भरलेल्या दाढेकडे वळू. डॉक्टर दात भरतात म्हणजे काय करतात? प्रथम किडलेला भाग कोरून काढतात. हे कोरणारे यंत्र मिनिटाला लाखो फेरे घेते. त्यातून उष्णता निर्माण होते, म्हणून त्यावर सतत पाण्याचा फवारा सोडावा लागतो. कोरलेला खड्डा वाळवावा लागतो. हे सारे चाललेले असते ते जिवंत डेंटिनवर, त्या हजारो नळ्यांच्या उघड्या तोंडांवर. बधिरतेच्या इंजेक्शनामुळे आपल्याला काही कळत नाही, पण पल्पाला ते कळलेले असते. हातावर शस्त्रक्रिया झाली तर दोन-चार दिवस हात दुखणार हे आपण गृहीतच धरतो. दात भरणे ही शस्त्रक्रियाच आहे. ती खुर्चीवर बसून आणि अर्ध्या-पाऊण तासात होते, एवढ्याने तिचे स्वरूप बदलत नाही. कीड जितकी खोल, तितका खड्डा पल्पाच्या जवळ, आणि तितकी पल्पाची चिडचिड अधिक.

भरावयाच्या द्रव्याचाही यात भाग असतो. आमच्या लहानपणी ‘चांदी भरली’ असे म्हणत. ती शुद्ध चांदी नसून पारा आणि चांदी, कथील, तांबे यांचे मिश्रण असे, आणि त्यात जवळजवळ निम्मा पारा असे. धातू असल्याने त्यातून गारवा व उष्णता झपाट्याने आत पोहोचत. नव्या चांदीच्या दाढेला चहा आणि बर्फ दोन्ही बोचत, ते त्यामुळेच. पाऱ्याच्या वापराला आळा घालणारा मिनामाता करार २०१३ साली झाला आणि २०१७ पासून अंमलात आला. तेव्हापासून हे मिश्रण मागे मागे पडत चालले आहे.

आता बहुतेक ठिकाणी दाताच्या रंगाचा मसाला भरतात. त्याला काँपोझिट म्हणतात. त्याची कूळकथा मोठी आहे. १९५५ साली अमेरिकेत मायकेल ब्युओनोकोर यांनी दाखवून दिले की, एनॅमलवर सौम्यपणे आम्ल लावून ते खरखरीत केले तर त्यावर राळेसारखे द्रव्य घट्ट धरते. पुढे १९६०च्या दशकात राफेल बोवेन यांनी यासाठी टिकाऊ राळ सिद्ध केली. आज आपल्या तोंडात जो निळा दिवा धरतात, तो हा मसाला कडक करण्यासाठीच. मात्र कडक होताना हा मसाला किंचित आकसतो. आकारमानात साधारण दोन-तीन टक्के. हे प्रमाण ऐकावयास क्षुल्लक वाटते, पण त्या आकसण्याने दाताच्या भिंतींवर ताण येतो. आणि एखाद्या कोपऱ्यात मसाला नीट चिकटला नसेल तर तेथे केसाहूनही बारीक फट राहते. फट राहिली की तिच्यातला द्रव चावताना पंपासारखा हलतो आणि नळ्यांना धक्का देतो. म्हणूनच काळजी घेणारे डॉक्टर मसाला एकदम न भरता थराथराने भरतात आणि प्रत्येक थरावर दिवा धरतात. खड्डा खोल असेल तर तळाशी एखादे शामक अस्तरही घालतात. त्या अस्तरासारख्या कामी येणारे काचमिश्रित सिमेंट, ग्लास आयोनोमर, लंडनमध्ये विल्सन आणि केंट या दोघांनी शोधून काढले, त्यालाही आता पन्नासाहून अधिक वर्षे झाली.

यांपैकी कोणत्याही कारणाने आलेली सणक बहुधा आपली आपण ओसरते. पल्प हा सोशिक आहे. चिडचिड थांबली की तो शांत होतो. एवढेच नव्हे, तर आपल्या बचावासाठी आतून नव्या डेंटिनचे लिंपण घालू लागतो. हे काम फार संथ चालते, दिवसाला मिलिमीटरच्या हजाराव्या हिश्शाच्या आसपास. पण ते चालते. भिंतीला हे साधत नाही. ते जिवंत वस्तूलाच साधते. डॉक्टर “काही दिवस दुखेल” म्हणतात ते या भरवशावर, आणि तो भरवसा पोकळ नाही. साध्या खड्ड्याची सणक काही दिवसांत जाते. खोल खड्ड्याची दोन ते चार आठवडेही रेंगाळते. मात्र त्यातली मुख्य अट ‘किती दिवस’ ही नसून ‘कमी होत आहे की नाही’ ही आहे. पहिल्या आठवड्यात गार पाण्याने दहा वेळा सणक येत होती, ती तिसऱ्या आठवड्यात दोनदा येते आणि पूर्वीपेक्षा हलकी येते, तर दाढ बरी होत आहे. तीन आठवड्यांनी ती होती तेवढीच असेल किंवा वाढली असेल, तर वाट पाहण्यात अर्थ नाही.

दुसरे एक कारण आहे. ते अगदी साधे आहे आणि त्याचा उपाय पाच मिनिटांचा आहे. पण ते न सांगितल्यामुळे माणसे महिनोन्‌महिने सोसत राहतात. ते कारण म्हणजे भरणा किंचित उंच राहणे. वरची आणि खालची दाढ एकमेकींवर बसतात तेव्हा हा नवा भरणा सर्वांच्या आधी टेकतो आणि साऱ्या चावण्याचा भार त्या एका दाढेवर पडतो. दाताच्या मुळाभोवती जे नाजूक वेष्टन असते, ते असे रोज शेकडो वेळा चेपले जाते आणि हुळहुळे होते. भरणा केल्यावर डॉक्टर “चावून पाहा” म्हणतात, पण त्या वेळी अर्धे तोंड बधिर असते. आपण वाकडेच चावतो आणि “ठीक आहे” म्हणून मोकळे होतो.

आमच्याच डाव्या बाजूच्या वरच्या दाढेचे असे झाले होते. तिला गार लागत नव्हते, गरम लागत नव्हते. भाकरीचा घास पडला की मात्र डोळ्यांत पाणी येई, आणि त्यातही भातापेक्षा भाकरीने अधिक. दहाव्या दिवशी आम्ही डॉक्टरांकडे जाऊन हे याच शब्दांत सांगितले. त्यांनी पुढे काही विचारलेही नाही. निळ्या रंगाच्या पातळ कागदाची पट्टी दातांत धरून चावावयास लावले, जेथे ठळक डाग उमटला तेथे यंत्र दोन क्षण फिरविले, पुन्हा कागद, पुन्हा दोन क्षण. घासून निघालेला भाग इतका थोडा होता की तो दिसलाही नाही. दोन-तीन दिवसांत दाढ आहे हे आम्ही विसरलो. हीच तक्रार आम्ही नुसते “दुखते” म्हणून सांगितली असती, तर कदाचित क्ष-किरण चित्र, गोळ्या आणि आणखी आठवडाभर प्रतीक्षा, असा तो प्रवास झाला असता.

याच्याजवळचा आणखी एक प्रकार आहे. चावताना दुखत नाही, पण घास सोडून दात उचलला की चटकन कळ येते. असे असेल तर दाताला बारीक तडा गेल्याचा संशय घ्यावा लागतो. ‘चावताना’ आणि ‘चावून सोडताना’ यांत केवढा फरक! क्ष-किरणांतही असा तडा पुष्कळदा दिसत नाही. रुग्णाच्या त्या एका वाक्याने मात्र डॉक्टरांचे लक्ष तिकडे जाते.

आता ठणक्याकडे येऊ. पल्प ज्या खोलीत राहतो तिच्या भिंती कठीण डेंटिनच्या असतात. बोटाला सूज आली तर बोट फुगते. पल्पाला सूज आली तर त्याला फुगावयास जागाच नसते. आतला दाब वाढतो, रक्तपुरवठा कोंडतो, आणि एका मर्यादेपलीकडे पल्प पुन्हा पूर्ववत होऊ शकत नाही. ही मर्यादा ओलांडली गेल्याच्या खुणा ठरलेल्या आहेत. गार पाणी तोंडातून गेले तरी कळ मिनिट मिनिट रेंगाळते. काहीही न लागता आपोआप दुखू लागते. रात्री आडवे झाले की ठणका वाढतो. आणि गरम चहाने भडकलेली वेदना गार पाण्याची चूळ धरल्याने शमते. ही शेवटची खूण तर विशेष ध्यानात ठेवावी. जी दाढ काल गारव्याने दुखत होती तीच आज गारव्याने थांबू लागली, तर ती सुधारणा नव्हे; पल्प मरणपंथाला लागल्याचे ते चिन्ह आहे. अशा दाढेला वाट पाहून काही लाभ नसतो. रूट कॅनाल करून तो पल्प काढावा लागतो, आणि मग दात मात्र वाचतो.

आमच्या परिचयातील एका सेवानिवृत्त गृहस्थांची दाढ भरल्यानंतर अशीच ठणकू लागली. ‘भरल्यावर थोडे दुखायचेच’ असे कोणीतरी सांगितलेले; त्यांनी दीड महिना निमूटपणे सोसले. घरी बोलले नाहीत, डॉक्टरांकडे गेले नाहीत. एके दिवशी ठणका आपोआप थांबला. “बघा, सोसले म्हणून बरे झाले,” असे ते सर्वांना अभिमानाने सांगत. ठणका थांबला होता तो पल्प मेला म्हणून. मेलेल्या पल्पाला दुखत नाही. पण त्यातला संसर्ग मुळाच्या टोकातून हाडात उतरत राहतो. पाच महिन्यांनी त्यांचा गाल डोळ्यापर्यंत सुजला, ताप भरला, रुग्णालयात राहावे लागले आणि अखेर दाढही गेली.

याच्या अगदी उलट एक उदाहरण आमच्या गल्लीतले. एका बाईंना भरलेल्या दाढेला नवव्या दिवशी गार लागत होते. क्षणभर सणक येई आणि जाई. त्यांनी हट्ट धरून ती दाढ उपटून घेतली. दाढ गेली, सणक गेली. पण मोकळ्या जागेकडे शेजारची दाढ झुकू लागली, समोरची वरची दाढ खाली उतरू लागली, आणि आता त्या बाजूने त्यांना नीट चावता येत नाही. दोन-तीन आठवड्यांत जे आपोआप शमले असते, त्याच्यासाठी त्यांनी एक चांगली दाढ दिली. एकाने ठणक्याला सणक समजून सोसले, दुसरीने सणकेला ठणका समजून घाई केली. दोघांनीही डॉक्टरांना सांगितले असते तर दोन्ही दाढा आज जागेवर असत्या.

येथे आपल्या इंदूर-देवास-उज्जैनकडच्या मराठी घरांची एक अडचण सांगितली पाहिजे. आमच्याकडची वडीलधारी मंडळी घरात “दाढ ठणकते गं” असे अचूक सांगतात; पण दवाखान्यात डॉक्टरांपुढे बसले की हिंदीत बोलावयाचे म्हणून सारे शब्द घरी राहतात आणि “बहुत दुखता है, डॉक्टरसाहब” एवढेच तोंडून निघते. हिंदीतही शब्दांचा तुटवडा नाही. गारव्याने येणारी शिवशिव सांगावयाची तर तेथे ‘पानी लगना’ असा नेमका प्रयोग आहे, ‘झनझनाहट’ आहे, ‘टीस’ आहे. पण ते आपल्या जिभेवर तितकेसे रुळलेले नसतात. दुसरीकडे घरातल्या लहान मंडळींपाशी दोन्ही भाषांतले शब्द उरलेले नाहीत. त्यांचा दात नुसता ‘पेन’ होतो. सराफ्यात रबडी खाताखाता मूल थांबते, गालावर हात ठेवते, आणि काय झाले विचारले तर ‘पेन होतेय’ यापलीकडे त्याला सांगता येत नाही. भाषेच्या अभिमानाचा प्रश्न आम्ही बाजूला ठेवतो. पण वेदनेला एकच नाव राहिले की माणसाला स्वतःच्या शरीरातला फरक कळेनासा होतो, आणि त्याचे मोल दाताने चुकवावे लागते.

तेव्हा डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी पाच प्रश्नांची उत्तरे मनाशी तयार ठेवावीत, असे आम्ही सुचवितो. दुखणे कशाने सुरू होते: गार, गरम, गोड, चावणे, की काहीच न होता? सुरू झाल्यावर किती टिकते: चुटकीसरशी जाते, की घड्याळात मिनिट मोजता येते? त्याची जात कोणती: सणक, कळ, ठणका की ठसठस? दाढ भरल्यापासून ते कमी होत आहे, तेवढेच आहे, की वाढत आहे? आणि रात्री झोपेतून उठविते का? शाळेतल्या मुलाला कर्ता, कर्म, क्रियापद ओळखता आले की वाक्य कळते. या पाच उत्तरांनी डॉक्टरांना दाढ तशीच कळते. मग ते बर्फाने किंवा थंड फवाऱ्याने तपासतील, दाढेवर हलकेच ठोकून पाहतील, क्ष-किरण चित्र काढतील. पण त्या तपासण्यांना दिशा तुमच्या शब्दांनी मिळेल. घरातल्या वृद्धांबरोबर जाणाऱ्याने ही उत्तरे घरीच मराठीत विचारून घ्यावीत आणि तेथे हिंदीत सांगावीत.

ठणक्याची जागा ओळखणे मात्र रुग्णाला नेहमी साधत नाही. पल्पाला ‘कोठे’ हे नीट सांगता येत नाही. खालची दाढ बिघडली असता वरची दुखल्यासारखी वाटते, कधी कानात कळ जाते. सर्दीने गालाच्या हाडातील पोकळी भरली तर वरच्या साऱ्या दाढा दुखऱ्या होतात. म्हणून “हीच दाढ काढा” असा आग्रह कोणी धरू नये. आणि चालताना, जिना चढताना जबडा दुखत असेल व थांबल्यावर राहात असेल, तर दंतवैद्याच्याही आधी हृदयाच्या डॉक्टरांकडे जावे.

घरगुती उपायांविषयी दोन शब्द. गरम मिठाच्या पाण्याच्या चुळा निरुपद्रवी आहेत, पण शिवशिवणाऱ्या दाढेला पाणी कोमटच असावे. लवंगेच्या तेलात युजेनॉल नावाचे द्रव्य असते. ते वेदना काही काळ बधिर करते, आणि दंतवैद्यांच्या तात्पुरत्या सिमेंटातही तेच वापरतात. परंतु त्याचा कापूस हिरडीवर दाबून ठेवला तर हिरडी भाजते. दाताशी अॅस्पिरिनची गोळी धरून बसण्यानेही तेच होते. तंबाखूची मिश्री लावून दुखणे विसरू पाहणे म्हणजे लहान दुखण्यावर मोठे दुखणे विकत घेणे होय. शिवशिवीसाठी पोटॅशियम नायट्रेट असलेल्या पेस्ट मिळतात. हिरडी खाली सरकून दाताची मान उघडी पडली असेल तर दोन ते चार आठवड्यांत त्यांचा गुण येतो. उंच भरण्यावर किंवा ठणक्यावर मात्र त्यांचा काही इलाज चालत नाही.

औषधाच्या दुकानातून स्वतःहून प्रतिजैविकाच्या गोळ्या आणून घेण्याची पद्धतही सोडावी. सुजलेल्या पल्पाचा ठणका त्यांनी थांबत नाही. अमेरिकन डेंटल असोसिएशनने २०१९ साली दिलेल्या मार्गदर्शनात, अन्यथा निरोगी असलेल्या प्रौढांना नुसत्या अशा दातदुखीसाठी ही औषधे देऊ नयेत असेच सांगितले आहे. खरा उपाय दातावरच करावा लागतो. मात्र गाल सुजला, ताप आला, तोंड उघडेनासे झाले किंवा गिळताना त्रास होऊ लागला, तर रात्र काढू नये. तडक रुग्णालय गाठावे.

आता देवासच्या भगिनींना उत्तर. आपल्या पत्रावरून तिघांपैकी कोणाचे बरोबर हे आम्हांस सांगता येणार नाही; पण आपणांस ते आज रात्रीच कळू शकेल. गार पाण्याचा एक घोट घ्या आणि घड्याळाकडे पाहा. सणक काही सेकंदांत विरली, रात्री झोप लागते, आणि पहिल्या आठवड्यापेक्षा त्रास उणा आहे, तर डॉक्टरांचे म्हणणे बरोबर. आणखी एक-दोन आठवडे धीर धरा आणि दाढेला फार गार-गरम लागू देऊ नका. फक्त चावतानाच दुखत असेल तर भरणा उंच आहे का, हे तपासून घ्या; त्याला एक दिवसही थांबण्याचे कारण नाही. कळ रेंगाळत असेल, रात्री ठणकत असेल, तर शेजारणीचे म्हणणे खरे ठरण्याचा संभव आहे. याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. आणि सणक होती तेवढीच राहिली असेल तरीही दाखवा. ज्यांनी दाढ भरली त्यांच्याकडे परत जाण्यात संकोच कसला? त्यांनाही आपले काम कसे बसले ते रुग्णाकडूनच कळावयाचे असते.

राहिल्या सासूबाई. त्यांचा सल्ला तेवढा तूर्त मानू नये. परंतु सणक कशाला म्हणतात आणि ठणका कशाला, हे त्यांना अवश्य विचारावे. ते त्या आपल्या सर्वांहून नेमके सांगतील, आणि जवळ नातवंडे असली तर त्यांच्याही कानांवर पडेल.